शेवटच्या रिळाचा भरवसा

मित्रांनो, पडेगावच्या रस्त्याला एका भंगाराच्या गोदामात, फुटक्या कूलरला टेकून पडलोय तो मी, जुना प्रोजेक्टर. गोदामवाला मला 'ते लोखंड' म्हणतो. म्हणू द्या बापड्याला! एके काळी अख्खं शहर माझ्या उजेडात हसलं आणि रडलं आहे.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी मी औरंगाबादेत आलो. तेव्हा गावाला हेच नाव होतं. एका टॉकीजच्या केबिनमध्ये मला बसवलं आणि ऑपरेटर गयासभाईंच्या हाती सोपवलं. पुढं सारा जन्म आम्ही दोघांनी एकत्र काढला. माझं भिंग ते आधी हलकी फुंकर घालून, मग मऊ फडक्यानं पुसत. माझ्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या. जळून त्या आखूड झाल्या की हातानं पुढं सरकवाव्या लागत, नाहीतर पडद्यावर अंधार. म्हणून ऑपरेटरची नजर कायम त्या ज्वाळेवर. पिक्चर बघायचं सुख पब्लिकच्या नशिबी!

गयासभाईंचा मुलगा कय्युम. मिसरूड फुटलं तसं त्याचं लग्न झालं आणि वर्षभरात नजमा जन्मली. पोरगा हाताचा चलाख होता. माझं सगळं काम तो बघून बघून शिकला होता. पण त्याचा खरा धंदा सायकलचा. त्या काळी एकच प्रिंट दोन टॉकीजांत चाले. आमच्याकडं एक रीळ संपलं की कय्युम ते सायकलवर घालून दुसऱ्या टॉकीजला पळवी. तिथं बाहेर त्याचे दोस्त उभे असत. त्यांच्या कमरेला सुरे आणि तोंडात मोठमोठ्या गोष्टी.

अशात एक पिक्चर लागला. गल्लीतला एक पोरगा, हातात सुरा, घरी तान्हं लेकरू. हाणामारीला पब्लिक शिट्ट्यांनी छत डोक्यावर घेई. शेवटचं रीळ लागलं की मात्र सगळे चिडीचूप. त्या पोरानं काय गमावलं, ते त्यात होतं. कय्युमनं तेवढंच बघितलं नव्हतं. इथं ते चालू असताना तो आधीचं रीळ घेऊन रस्त्यावर असायचा, आणि तिकडं पोचला की दोस्तांत.

कारभारी नावाचा आमचा दारवान एकदा केबिनमध्ये येऊन म्हणाला, "गयासभाई, पोराला समजवा की. लई वंगाळ संगत हाय."

"मैं क्या बोलू, कारभारी? माझं कोण ऐकतंय?" गयासभाई म्हणाले. "आखरी रीळ बघंल तर सुधरंल. पिच्चरच समजावंल त्याला."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी दाखवणारा तो माणूस. स्वतःच्या मुलाशी दोन शब्द बोलायचे तर त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

एका दुपारच्या खेळाला त्यांनी युक्ती केली. शेवटचं रीळ माझ्यावर चढवलं आणि कय्युमला म्हणाले, "बेटा, आज मशीन तू चला. सायकल मैं लेके जातूं." म्हातारा धापा टाकत पायडल मारत गेला. जाताना त्याचा चेहरा किती खुलला होता!

आणि कय्युम काय बघत होता? ज्वाळा. दुसरं काय बघणार? बापानं त्याला पडद्यासमोर बसवायचं सोडून माझ्यासमोर उभं केलं होतं. एवढा मुरलेला ऑपरेटर, पण त्याच्या हे ध्यानातच आलं नाही. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं.

इतक्यात जिन्यावरून एका दोस्ताची हाक आली, "कय्युम, चल बे, राडा हो गया!" त्यानं क्षणभर कांड्यांकडं पाहिलं, मग जिन्याकडं, आणि तो गेला. कांड्या जळत जळत दूर झाल्या. पडदा काळा पडला. खुर्च्या आपटू लागल्या. गयासभाई परत आले तेव्हा केबिनमध्ये मी एकटाच होतो.

त्या संध्याकाळी कय्युमच्या सुऱ्यानं एक पोरगा मेला. त्यालाही बाप होता, मित्रांनो.

पुढची वर्षं गयासभाई मला पुसत राहिले, पण फुंकर घालताना त्यांचा श्वास पुरत नसे. नजमा माझ्या शेजारी स्टुलावर बसून अभ्यास करी. एके दिवशी जिन्यावर पावलं वाजली. शिक्षा भोगून कय्युम आला होता. त्यानं हात पुढं केला, "नजमा, आ बेटा." ती झटकन आजोबांच्या मागं दडली आणि तिनं त्यांचा कुडता घट्ट धरला.

पुढं केलेला हात मागं आला. मग कय्युमनं विचारलं, "अब्बा, उस पिच्चर में आखिर में क्या होता था?"

गयासभाईंनी मागं दडलेल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "यही होता था, बेटा."

मित्रांनो, माझं भिंग आता तडकलं आहे, आणि मला पुसा म्हणून मी सांगणार नाही. पण घरातल्या लेकराला जे सांगायचं ते जवळ बसवून, तोंडानं सांगा. ते आमच्यासारख्या यंत्रांच्या भरवशावर सोडू नका. आम्ही फक्त उजेड पाडतो.