मान हलवायची नाही

मुलांनो, मयुराच्या जागी स्वतःला बसवून पाहा. समोर मोठी काच आहे. पलीकडच्या खोलीत तुमचे बाबा तुमच्याकडे तोंड करून बसले आहेत. डोक्यावर तारांची टोपी, बोटाला चिमटा. त्यांच्या पाठीमागे टेबलावर एक इस्त्री आहे. ती त्यांनी आत्ताच स्वतःच्या हातानं बंद केली. तिचा लाल दिवा विझलेला तुम्हाला दिसतो. बाबांना दिसत नाही, आणि वळून पाहायची त्यांना मनाई आहे.

"फुलकोबीसारखे दिसून राहिले बाबा तुमी," टोपी चढवताना मयुरा म्हणाली होती.

"हास, हास. तुह्या लग्नात हेच घालून येतो," दुर्गेश म्हणाला होता.

आता त्याच्या कपाळावर घाम होता.

दुर्गेश कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर होता. नागपुरात महाल भागातल्या घरून निघायचा आणि वाटेत फेटरी गावापर्यंत पोचला की वाटायचं, इस्त्री चालू राहिली. घर पेटेल, आत मयुरा असेल. तो गाडी वळवायचा. इस्त्री बंदच असे. पुन्हा निघायचा, पुन्हा वळायचा. हे खुळ्यासारखं आहे हे त्यालाही कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता. साहेबांनी बरेच महिने सांभाळून घेतलं, मग घरी बसवलं. आता तो मयुराच्या शाळेच्या फाटकाशी येऊन विचारतो, "बंद हाये नं वं?"

"हो बाबा, बंद हाये."

"इस्त्रीवाले आले तुहे," मैत्रिणी म्हणतात.

भीती दाटून येते तेव्हा अशा माणसांच्या मेंदूत काय चालतं, याचा डॉक्टर मेघा अभ्यास करत होत्या. यानं बाबा बरे होतील का, असं मयुरानं सकाळीच विचारलं होतं. "आज नाही बेटा," त्या म्हणाल्या होत्या. "आज फक्त पाहायचं."

काचेपलीकडून दुर्गेशनं मयुराकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत, पण प्रश्न तिला पाठ होता. तिनं हळूच मान हलवली.

त्याचे खांदे सैल पडले.

मेघा संगणकाच्या पडद्याकडे पाहत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मयुरा, तू खूण केली का?"

"बाबा घाबरून राहिले होते."

त्यांनी तिला जवळ बोलावलं. "ही रेघ त्यांच्या बोटाच्या घामाची. भीती वाढली की वर जाते. इथं तू मान हलवली, पाहा, खाली आली."

मयुराला बरं वाटलं. मग तिला पुढची रेघ दिसली. ती पुन्हा चढली होती, आधीपेक्षा उंच.

"हे काहून?"

"बरं वाटलं ते तुझ्या मानेमुळे. ती भीती आपोआप ओसरते, हे त्यांना कळलंच नाही. म्हणून ते पुन्हा तुलाच विचारतात."

"म्हणजे मीच वाढवून राहिली का बिमारी?"

"बिमारी तुझ्यामुळे आली नाही," त्या म्हणाल्या. "तू माया केली. पण या बिमारीले मायाच लागते खायले."

मेघांनी माइकवरून दुर्गेशला काहीतरी विचारलं आणि स्पीकरमधून त्याचा 'हो' आला.

"आता हे मोजमाप पुन्हा घ्यावं लागेल," मेघा म्हणाल्या. " त्यांना चालेल, मी विचारलं. मी काचेवर पडदा ओढते, तू बाहेर बस."

"पडदा नको. बाबाले वाटंल, मी गेली."

पलीकडे दुर्गेशनं इस्त्री लावली, बंद केली आणि येऊन बसला. मेघांनी यंत्र सुरू केलं. जरा वेळ तो जमिनीकडे पाहत राहिला. मग त्यानं मान वर केली.

मयुरानं खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसली.

"मयू," स्पीकरमधून आवाज आला. "एक डाव सांग नं वं."

तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिची वेणी काचेला टेकली होती, त्याला दिसेल अशी. ती हलली नाही.