दारात बसणारी सीटी

कारखान्याच्या वीज विभागात त्याला सगळे शंकासुर म्हणत. सुरक्षा यंत्रणा तपासणं हीच त्याची नोकरी असल्यामुळे शंका काढायचा त्याला पगार मिळे. फक्त त्या कुणी ऐकून घ्याव्यात अशी अट नेमणुकीत नव्हती.

सध्याची शंका एका सीटीबद्दल होती, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरबद्दल. केबलमधला अजस्र प्रवाह रिलेला, म्हणजे त्यावर पहारा ठेवणाऱ्या यंत्राला, झेपत नाही, म्हणून सीटी त्याचा प्रमाणशीर नमुना रिलेला पाठवते. नमुना भलताच मोठा दिसला की रिले ब्रेकर पाडतो, म्हणजे वीज तोडतो. पण सीटीचं लोखंड तोकडं असलं, तर खऱ्या शॉर्टसर्किटच्या वेळीच ते चुंबकत्वानं तुडुंब भरतं आणि सीटी मूग गिळून बसते. रिलेला वाटतं, सगळं आलबेल आहे.

थोरल्या साहेबांनी रिले वातानुकूलित खोलीत हलवले होते, कारण साहेबांनाही तिथेच बरं वाटे. तारा लांबल्या, त्याही बारीक. तेवढ्या लांब नमुना ढकलायला सीटी मोठी हवी, हे शंकासुरानं बैठकीत मांडलं. साहेबांनी मोठी सीटी मागवली, पॅनेलला लावून पाहिली. पॅनेलचं दार लागेना.

"दार उघडं ठेवणं धोक्याचं असतं," साहेब म्हणाले. लहानच बसली.

त्या पॅनेलसमोर त्याचा धाकटा भाऊ ड्यूटी करायचा. शंकासुरानं त्याला बदली मागायची गळ घातली. धाकटा हसला. दादानं आपल्याला आयुष्यभर पाण्यात उतरू दिलं नाही, आता विजेतही नको म्हणतोय, असं त्यानं बायकोला सांगितलं. वर रिले दर वर्षी तपासणीत पास होतोच की! होत होताच. तपासणी गार खोलीत, रिलेला थेट प्रवाह देऊन व्हायची. सीटीला कुणी काही विचारतच नसे.

एका दुपारी त्याच पॅनेलमधला केबलचा जोड फुटला. सीटी भरली, रिलेला किरकोळ काहीतरी दिसलं, आणि ब्रेकर जागचा हलला नाही. दूरच्या उपकेंद्रानं अखेर वीज तोडली, तोवर धाकट्याचे दोन्ही हात भाजून निघाले होते.

चौकशी समितीनं शंकासुरालाच रिले तपासून दाखवायला सांगितलं. रिलेनं लगेच ब्रेकर पाडला. समितीनं माना डोलावल्या. ही परीक्षा सीटीची नव्हे, असं तो म्हणाला.

"सीटी तर जळाली," अध्यक्ष म्हणाले. "मेलेल्याची परीक्षा कशी घेणार?"

निष्कर्ष निघाला: कर्मचारी पॅनेलच्या फार जवळ उभा होता.

संध्याकाळी दवाखान्यात धाकटा पट्ट्यांतले हात उशांवर ठेवून पडला होता. त्याची बायको औषधं आणायला गेली होती. शंकासुर आपल्या बायकोनं दिलेलं संत्रं सोलून त्याला एकेक फोड भरवत होता.

"दादा, नवीन पॅनेल आलं का रे?"

"आलं."

"सीटी?"

"तीच. दारात बसणारी."

धाकट्यानं फोड चघळली. "आणि माझ्या जागी कोण?"

"कुणी नाही. साहेब म्हणाले, तू बरा होईपर्यंत जागा राखून ठेवतील." त्यानं बी काढून टाकलं आणि पुढची फोड त्याच्या तोंडाशी धरली. "फार उपकार केल्यासारखं म्हणाले."

"जागा तीच, सीटी तीच, हे वहिनीला सांगू नकोस," धाकटा म्हणाला. "आणि हिलाही."