सव्वीस फेब्रुवारीचा दोरा

सावाच्या गॅरेजच्या अंगणात त्या सकाळी दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. रुसकाच्या पांढऱ्या गाडीचं फुटकं नाक पेन्चो गुरुजींच्या हिरव्या गाडीच्या चेपलेल्या दाराला लावून ठेवलेलं, मारणाऱ्यानं मार खाणाऱ्याच्या कुशीत तोंड लपवावं तसं. विमा कंपनीची सर्व्हेअर येणार होती. घाव घावाशी जुळतो का, हे ती बघणार आणि मग गुरुजींच्या दाराचा खर्च मंजूर करणार.

रुसका एका जुन्या टायरवर बसली होती. पन्नाशीची बाई, हाडापेरानं दणकट. द्र्यानोवो गावच्या नगरपालिकेच्या स्वयंपाकघरातून ती रोज अकरा म्हाताऱ्यांना जेवण पोचवायची. डोंगरातल्या एकेका वस्तीवर एकेक धुराडं, एकेका धुराड्याखाली एकेक म्हातारं माणूस. मागच्या सीटवर सुपाचे डबे, पुढच्या सीटवर पाव. वीस वर्षांत तिनं सूप सांडलं नव्हतं, ते दोन मार्चला सांडलं.

भीती पोटात नाही, गुडघ्यांत बसते, हे तिला या चार दिवसांत कळलं होतं. उभं राहिलं की गुडघे पाण्याचे व्हायचे. बसलं की तेच पाणी वर चढायचं.

"अगं, तोंड असं करून बसू नकोस," सावा म्हणाला. तो पत्र्याचं काम करायचा, रंगाचं करायचा, आणि सल्ले फुकट द्यायचा. "मयताला आल्यासारखी दिसतेस. ती बाई दार बघेल, फोटो काढेल, जाईल. मी अशा शंभर बघितल्यात."

"तुझं काय जातंय, साव्या. सही माझी आहे."

"आणि तारीख माझ्या डोक्यातून निघाली होती ना?"

"तेच म्हणते मी."

झालं होतं ते असं. दोन मार्चला सकाळी, ओल्या वळणावर, रुसकाची गाडी घसरली आणि समोरून सावकाश येणाऱ्या गुरुजींच्या दारात घुसली. कुणाला खरचटलंही नाही. गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "तिसरीतसुद्धा तू अशीच धावत वर्गात शिरायचीस." अशा वेळी पोलिसांना बोलवत नाहीत. दोघांच्या सहीचा एक छापील कागद असतो; कुणाची चूक, कुठे, कधी, एवढं लिहायचं, सह्या करायच्या, आणि धडकणाऱ्याची विमा कंपनी पैसे देते. तो कागद काढायला रुसकानं गाडीचा खण उघडला आणि विम्याची पावती हाती आली. हप्ता बारा फेब्रुवारीला भरायचा होता. वर पंधरा दिवसांची सवलत. ती सत्तावीसला सरली होती. म्हाताऱ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, कुणाचं सरपण, कुणाची शेळी, या सगळ्यात हप्ता राहून गेला होता. गाडी तीन दिवस बिनविम्याची धावत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

गाडी ओढून न्यायला आलेला सावा खांद्यावरून डोकावला. "मग सव्वीस तारीख घाला की. दोघं राजी, कोण विचारतंय?"

रुसकानं पेन कागदावर टेकवलं आणि पुन्हा उचललं, दोनदा. तेव्हा गुरुजींनीच पेन घेतलं आणि चाळीस वर्षं फळ्यावर घटवलेल्या अक्षरात लिहिलं: सव्वीस फेब्रुवारी. मग आपल्या जुन्या कॅमेऱ्यानं जागेचा फोटोही काढला. त्या कॅमेऱ्यातली तारीख अकरा वर्षं मागे पडलेली होती. फोटोवरून खरा दिवस कळणार नाही म्हणून सावा खूश झाला. "बघा, देवसुद्धा आपल्या बाजूनं."

त्याच दुपारी रुसकानं नवा विमा काढला. आणि रात्रीपासून गुडघे सुरू झाले. नगरपालिकेच्या नोकरीला पोलिसांचा स्वच्छ दाखला लागतो. खोट्या कागदापायी शिक्षा झाली तर दाखला गेला, दाखला गेला की नोकरी गेली, आणि त्या अकरा धुराड्यांखाली दुसरं कुणी जाईल की नाही, कोण सांगणार?

सर्व्हेअर कालिना वेल्चेवा दहाला आली. तिशीची, बारीक, पायात चिखलाचे बूट. तिनं दाराची खोली मोजली, बंपरची उंची मोजली, हिरव्या रंगाचा कण पांढऱ्या पत्र्यावरून नखानं काढून पाहिला. घाव जुळत होते. सावा तिच्या मागे मागे कॉफीचा कप घेऊन फिरत होता.

"मॅडम, घ्या ना. गार होतेय."

"ठेवा तिथे."

मग तिनं फायलीतून जागेचा फोटो काढला. मोठा करून छापलेला. बराच वेळ बघत राहिली. रुसकाला आपल्या कानात आपलंच रक्त ऐकू येत होतं, पाणचक्कीच्या पाटासारखं.

"ताई, फोटोत ह्या तुम्हीच ना?"

"हो."

"हात जरा पुढे करता?"

रुसकानं हात पुढे केला. बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल-पांढरे दोरे, एकावर एक, अकरा दोरे. मार्चच्या पहिल्या दिवशी प्रत्येक उंबऱ्यावर एकेका म्हातारीनं, म्हाताऱ्यानं थरथरत्या बोटांनी बांधलेले. सुखी राहा, धडधाकट राहा, पोरी, उद्याही ये. करकोचा दिसेपर्यंत किंवा झाडाला मोहोर येईपर्यंत ते सोडायचे नसतात, आणि अजून करकोचा आला नव्हता.

फोटोतही तो हात होता. गाडीच्या टपावर टेकलेला, बाही वर गेलेली, कोपरापर्यंत लाल-पांढरा.

"मार्तेनित्सा," कालिना हळूच म्हणाली. "माझ्या आजीनं मलाही बांधलीय." तिनं स्वतःची बाही वर केली, एक दोरा दाखवला. "पहिल्या मार्चच्या आधी बांधणारं माणूस मी तरी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंय?"

सावाच्या हातातला कप बशीत किणकिणला. रुसकानं बाही खाली ओढली.

"मला आत्ता उत्तर नको," कालिना फाईल बांधत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच रुसकाला जास्त भीती वाटली. "माझा अहवाल उद्या दुपारी बाराला वर जातो. एकदा वर गेला की तो माझा राहत नाही. गाब्रोवोला आमचं ऑफिस साडेआठला उघडतं."

ती गेली. सावानं गार कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

"सांग की हातमोजे होते. लाल-पांढरे हातमोजे."

"गप बस, साव्या."

"नाहीतर सांग की—"

"गप बस म्हटलं ना. तुझं ऐकलं म्हणून इथवर आले."

तो गप्प बसला. तो गप्प बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता. म्हणजे तोही घाबरला होता.

दुपारी सावाच्या गाडीतून डबे वाटताना तिला प्रत्येक दारात वाटलं, हे शेवटचं. शेवटच्या उंबऱ्यावरून निघाली ती थेट गुरुजींकडे. ते अंगणात द्राक्षाच्या वेलीची छाटणी करत होते. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांची कात्री हळू होत गेली आणि थांबली.

"मी सांगतो त्या मुलीला," ते म्हणाले. "म्हातारा आहे, डोकं चळलंय, महिनाभर आधीच हिच्या हाताला दोरा बांधला."

"गुरुजी, एक नाही. अकरा आहेत."

"मग अकराही जण चळले म्हणू."

तिला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरून आले. गुरुजींनी कात्री खिशात घातली.

"मी उद्या जाते," ती म्हणाली. "कागद मागे घेते. सांगते, तारीख मी घातली, तुम्हाला काही माहीत नव्हतं. तुम्ही न वाचता सही केलीत."

"आणि अक्षर?"

तिनं जमिनीवरची एक छाटलेली काडी उचलली.

"अक्षर माझं आहे, रुसका. अख्ख्या जिल्ह्यात तसा 'फ' दुसरं कुणी काढत नाही. माझ्यासाठी तू आता आणखी एक खोटं लिहिणार. मग ते झाकायला तिसरं."

"तुम्हाला आयुष्यात कुणी खोटारडं म्हटलं नाही, गुरुजी."

"बायको म्हणायची." त्यांनी वेलीकडे पाहिलं. "जा तू. मला हे आवरायचंय."

त्यांनी पाठ फिरवून पुन्हा कात्री काढली. ते मदत करणार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय हे निभणार नाही, असं मनात घेऊन ती घरी गेली.

सकाळी स्वयंपाकीणबाईंना सांगून तिनं डब्यांची वेळ तासभर पुढे ढकलली आणि पहिली बस धरली. खिडकीबाहेर नदी वाहत होती, आणि प्रत्येक पुलावर तिला वाटत होतं, इथेच उतरावं, परत फिरावं. कुणी हाक मारली असती तर ती उतरलीही असती.

ऑफिसबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एक लाकडी बाक होता. बाकावर पेन्चो गुरुजी बसले होते. शाळेतला काळा कोट, इस्त्रीची घडी, मांडीवर टोपी.

"तुम्ही? बस तर आत्ताच आली."

"शेजाऱ्याच्या दुधाच्या गाडीतून आलो. साडेसातपासून बसलोय." त्यांनी सरकून जागा केली. "माझ्या हाताकडे बघू नकोस. कॉफी जास्त झालीय."

हात टोपीवर होता आणि टोपी थरथरत होती. तिनं आपला हात शेजारी ठेवला. दोन्ही हात तसेच.

"घाबरलात?"

"चाळीस वर्षं मुलांना फळ्यापाशी उभं केलं," ते म्हणाले. "आज कळतंय, त्यांना कसं वाटत असेल."

दार उघडलं. कालिनानं दोघांना पाहिलं, काही न बोलता आत घेतलं. रुसकानं आपला कागद पुढे केला: धडक दोन मार्चला झाली, विमा त्या दिवशी नव्हता, मागणी मागे घेत आहे. गुरुजींनी आपला ठेवला. तारीख मी लिहिली, जाणूनबुजून लिहिली. खाली सही, आणि सहीखाली सवयीनं मारलेली रेघ.

कालिनानं दोन्ही वाचले. भिंतीवरचं घड्याळ टक टक करत होतं. रुसकाला वाटलं, ही बाई आता फोन उचलेल.

फोन तिनं उचलला नाही.

"पैसे मिळायच्या आधी तुम्ही स्वतः आलात," ती म्हणाली, "हे मी असंच लिहीन. मागणी मागे घेतली, कारण तारीख खोटी होती. यापेक्षा कमी लिहिता येणार नाही मला."

"आणि पुढे?"

"वरचे बहुतेक फाईल बंद करतील. बहुतेक म्हणते आहे मी, ताई. वचन नाही देत."

"शिक्षा?" रुसकानं विचारलं. "माझा दाखला..."

"आता इथून पोलिस ठाण्यात जा. बिनविम्याची धडक झाली, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. दंड होईल. नुसत्या दंडानं दाखल्यावर डाग पडत नाही." ती क्षणभर थांबली. "खोट्या तारखेचं त्यांनी विचारलं, तर तेही सांगा. ते काय करतील, मला माहीत नाही."

बाहेर ऊन होतं, पण ऊब नव्हती. फोन वाजला. सावा होता.

"काय झालं? धरलं का तुला?"

"अजून नाही."

पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "गुरुजींना सांग, दार मी ठोकून देतो. पुट्टी, रंग, सगळं. तारीख मी सुचवली होती."

"त्यांनाच सांग. माझ्या शेजारी आहेत."

"नको," सावा घाईनं म्हणाला. "मला ते अजून ओरडतात."

पोलिस ठाणं चौकाच्या पलीकडे होतं. सात पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर रुसका कठड्याला धरून थांबली. आत शिरलं की बोललेलं परत घेता येणार नाही. दाखला उरेल की जाईल, उद्या डबे कोण नेईल, यातलं काही तिला माहीत नव्हतं.

"ठाण्यातले निम्मे माझ्या हाताखालून गेलेत," गुरुजी दम खात म्हणाले. "फार तर उठाबशा काढायला लावतील."

"तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत."

"म्हणून तर तुला बरोबर घेतलंय."

ती उरलेल्या पायऱ्या चढली. खिडकीमागच्या पोलिसानं वही ओढली, पेन झटकलं, मान वर न करता विचारलं, "कशाबद्दल?"

"धडकेबद्दल."

"तारीख?"

मागे गुरुजींचा श्वास ऐकू येत होता, जड, चढणीचा. तिनं खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली.

"दोन मार्च," ती म्हणाली, आणि पोलिस ते लिहून काढेपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.