अर्ध्या वाक्यावर अडलेला पेन

मी एक जुना शाईचा पेन आहे. किती जुना ते विचारू नका. टोपणावर कोरलेलं कारखान्याचं नाव झिजून आता दोनच अक्षरं उरली आहेत आणि त्या दोन अक्षरांचा कोणत्याही भाषेत काही अर्थ होत नाही. तरीही मित्रांनो, माझी हकिकत ऐका. ती थोडी लांबेल, पण सध्या माझ्या पोटात शाई भरपूर आहे.

माझा जन्म लेथवर झाला. कडक काळ्या रबराच्या कांडीतून मला कातून काढलं, पोटात मऊ रबराची एक लहानशी पिशवी बसवली आणि कुशीला पितळेचा खटका लावला. खटका नखाने उचलला की आतली पट्टी पिशवीला दाबते. निब शाईत बुडवून खटका सोडला की पिशवी फुगते आणि शाई आत ओढून घेते. एवढंच माझं यंत्र. "ह्यात बिघडण्यासारखं काही नाही," असं मला कातणारा कारागीर म्हणाला होता. त्याचा माणसांचा अनुभव कमी असावा.

मला विकत घेतलं एका नकाशे काढणाऱ्या तरुणाने. हा तरुण यथावकाश आजोबा झाला, म्हणून मी त्यांना पहिल्यापासून आजोबाच म्हणतो. नाव बदलत बसायला नको. त्यांच्या ऑफिसात उंच, तिरक्या टेबलांच्या रांगा होत्या. रेघा मारायला वेगळे पेन असत, बारीक तोंडाचे आणि गर्विष्ठ. त्यांची शाईही वेगळी होती: दाट, चमकदार, एकदा वाळली की पाण्याला दाद न देणारी. मी त्या शाईच्या वाटेला कधी गेलो नाही. रेघा त्यांच्या, शब्द माझे, अशी वाटणी होती.

शब्द म्हणजे मुख्यतः हरकती. आजोबांना हरकत घेण्याची मनापासून आवड होती. "जिना चढणारा माणूस कधीतरी उतरणारही आहे, याचा विचार झालेला दिसत नाही," असा शेरा त्यांनी एका नकाशावर माझ्याकडून लिहून घेतला होता. तो शेरा आठवडाभर ऑफिसात फिरला. मोठ्या साहेबांनी सहीपुरतं मला मागून घेतलं आणि दोन दिवस परत केलं नाही. माझ्या आयुष्यातला तो गौरवाचा काळ. आजोबांना सगळे मागून 'फूटपट्टी' म्हणत. काही जण समोरूनही म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं.

आजोबांनी स्वतःच्या घराचा नकाशा स्वतः काढला. घर चांगलं झालं. फक्त स्वयंपाकघराचं दार आत उघडतं आणि ओट्यापाशी उभं असलेल्या माणसाच्या कोपरावर आपटतं. ओट्यापाशी आजी उभी असायची. राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हे दार बाहेर उघडायला हवं होतं." आजोबा म्हणाले, "नकाशात आत आहे." या दोन वाक्यांवर त्या दोघांचा संसार चाळीस वर्षं चालला. मुलं झाली, मोठी झाली, सून आली. दार आतच उघडत राहिलं.

मधल्या काळात ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि मी एका पत्र्याच्या डब्यात गेलो. तिथे शर्टाची बटणं होती, वाकलेल्या सुया होत्या आणि एक किल्ली होती, जिला आपलं कुलूप कुठे आहे हे माहीत नव्हतं. किल्लीशी माझं बरं जमलं. अठरा वर्षं आम्ही एकमेकांना काहीही विचारलं नाही.

मग आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. "जीव वाचला हे महत्त्वाचं," असं डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं. आजोबांनी तिन्ही वेळा मान डोलावली. हरकत घेण्याची सोय राहिली नव्हती.

घरच्यांनी उपाय केले. बॉलपेन दिलं, पण बॉलपेन दाबल्याशिवाय लिहीत नाही आणि आजोबांच्या बोटांचे सांधे सुजलेले. 'पाणी', 'नको', 'पंखा' एवढे शब्द निघायचे. तेवढ्यात वाद होत नाही. पाटी आणली; खडूच्या धुळीने खोकला आला. सुनेने मोबाइलमध्ये काहीतरी बसवून दिलं. आजोबांनी एका बोटाने पाच मिनिटं खपून एक वाक्य टाइप केलं आणि मोबाइलने ते एका गोड तरुणीच्या आवाजात वाचून दाखवलं: "हा मूर्खपणा बंद करा."

"बाबा, किती छान बोलता तुम्ही!" सून म्हणाली.

आजोबांनी मोबाइल उपडा ठेवला.

तेव्हा आजीला माझी आठवण झाली. तिने डबा उपसला, मला नळाखाली धरलं, खटका दहा-बारा वेळा वरखाली केला आणि शाई भरून आजोबांच्या हातात दिलं. मित्रांनो, शाईच्या पेनाला जोर लावावा लागत नाही. कागदावर नुसतं टेकवून ओढत नेलं की झालं. आजोबांनी टेकवलं, ओढलं आणि पहिलं वाक्य लिहिलं: "दार नकाशाप्रमाणेच आहे."

आजीने चष्मा खाली घेऊन वाचलं. "झाली यांची सुरुवात," असं म्हणून तिने खुर्ची ओढली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही. ती रागावली असती.

एकच अडचण होती. माझा खटका उचलण्याइतका जोर आजोबांच्या नखात नव्हता. त्यामुळे घरात एक रीत पडली: आजोबा ज्याच्याशी वाद घालत असतील, त्यानेच मला भरून द्यायचं. दारूगोळा शत्रूने पुरवायचा. अशी रीत मी दुसऱ्या कुठल्या घरी ऐकलेली नाही. मुलगा एकदा भरायला बसला, तर आजी म्हणाली, "ठेव ते खाली. तुला काही भांडायचंय का त्यांच्याशी?"

"नाही."

"मग?"

मुलाने मला खाली ठेवलं.

असं वर्षभर छान चाललं. मग तो दिवस आला. सकाळचे दहा वाजले होते, दार आजीच्या कोपराला लागून दहा मिनिटं झाली होती, आणि आजोबा आपल्या खुर्चीत बसून लिहीत होते. "स्वयंपाकघराच्या दाराबाबत मी पुष्कळ विचार केला," असं त्यांनी लिहिलं. आजी मागे उभी राहून वाचत होती. "चाळीस वर्षांनी सांगायला हरकत नाही," त्यांनी लिहिलं. आजीने श्वास रोखला. मला तो मानेवर जाणवायचा, तो थांबला. "तुझं" एवढं लिहिलं आणि माझी शाई संपली.

बाटली पाहिली, तर तीही कोरडी.

"अहो, थांबा, थांबा, हलू नका," असं म्हणत आजी धावली. आजोबांच्या जुन्या नकाशांच्या खोक्यात तिला एक काळी बाटली सापडली. बाटलीवर ती कसली शाई आहे ते स्पष्ट छापलेलं होतं. आजीचा चष्मा कपाळावर होता. घाईत तो तिथेच राहिला. मी ओरडलो असतो, पण ओरडण्याची सोय त्या घरात माझ्या मालकालाही नव्हती.

तिने मला भरलं आणि त्याच क्षणी दारावरची बेल वाजली. आजीची धाकटी बहीण चार दिवस राहायला आली होती, न कळवता. पाहुण्यांसमोर भांडायचं नाही, हा त्या घराचा जुना नियम. आजोबांनी माझं टोपण लावलं, अर्धं वाक्य टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत बसले.

चार दिवस पोटात नकाशाची शाई घेऊन मी पडून होतो. पिशवी आतून कडक झाली. निबेच्या खाली एक काळी पट्टी असते, तिच्या खाचेतून शाई उतरते. कारागीर तिला जीभ म्हणतात. ती जीभ बुजली. पाचव्या दिवशी बहीण गेली, रिक्षा वळायच्या आत आजीने मला आजोबांच्या हातात दिलं, आणि मी काही लिहिलं नाही. नवी शाई आली. ती भरायला घेतली, तर खटका हलेना.

मुलाने मला दुरुस्त करायचं मनावर घेतलं. त्याने एक व्हिडिओ पाहिला, अर्धा. मग मला कढत पाण्यात बुडवलं. माझा काळा रंग उडून मी शेवाळी झालो. बाकी काही बदललं नाही. "मी नवीन आणून देतो ना!" तो म्हणाला. आजोबांनी बॉलपेनने लिहिलं: "नको".

घर शांत झालं. मुलाला आणि सुनेला पहिले दोन दिवस बरं वाटलं. दुपारची झोप लागू लागली. तीन आठवडे गेले. आजोबा वेळेवर जेवत, विचारलं तर मान डोलावत आणि खिडकीबाहेर बघत. आजी काच पुसायच्या निमित्ताने रोज ते अर्धं वाक्य वाचायची. "तुझं". तुझं काय? तुझं बरोबर आहे, की तुझं डोकं फिरलंय? आजोबांना एका शब्दात सांगता आलं असतं. पण चाळीस वर्षांचं प्रकरण एका शब्दात मिटवणारा तो माणूस नव्हता.

एके दिवशी आजी मुद्दाम त्यांच्यासमोर येऊन बसली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काय हो, नकाशात वरच्या बाजूला दक्षिण असते ना?"

मित्रांनो, जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाला कोणी असं विचारलं तर तो अंथरुणातून उठून येईल. आजोबांनी खिडकीकडे बघत मान डोलावली. हो.

आजी घाबरली. तिने मला रुमालात गुंडाळलं, चपला पायात सरकवल्या आणि ती घराबाहेर पडली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक घड्याळवाल्या बाई बसतात. घड्याळं, चष्म्यांच्या काड्या आणि पेनं असं सगळं त्या दुरुस्त करतात. बोलणं मोजकं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, गरम हवेचा झोत लांबून मारून माझ्या सांध्यातली चिकट लाख सैल केली आणि मला उघडलं. माझी पिशवी तुकडे होऊन टेबलावर पडली.

"कोणती शाई भरली?"

"नेहमीचीच," आजी म्हणाली.

"नेहमीची शाई अशी चकाकत नाही. ही नकाशाची. कोणी भरली?"

आजीने टेबलावरचं एक उघडं घड्याळ नीट पाहिलं. मग म्हणाली, "आमच्यात समोरच्याने भरायची पद्धत आहे."

"समोरचं कोण?"

"मी."

बाईंनी भिंग काढून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लावलं. "चिडून भरलीत की चुकून?"

"घाईने," आजी म्हणाली. "ते कधी नव्हे ते काहीतरी कबूल करत होते."

"मग घाई बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "शाई चूक."

माझी जीभ आणि निब त्यांनी अमोनियाच्या पाण्यात ठेवली. नवी पिशवी मापाने कापली, लाखेने चिकटवली, तिला टाल्कम पावडर लावली. दोन दिवस गेले. रंगाचं काही करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आजी म्हणाली, "रंग कोणाला हवाय?"

घरी आल्यावर आजीने नवी बाटली टेबलावर ठेवली, काचेखालचा कागद काढला आणि मला भरायला घेतलं. आजोबांनी हात पुढे करून तिला थांबवलं. त्यांनी बाटली उचलली, तिच्यावरची चिठ्ठी सावकाश वाचली. मग एका सुजलेल्या बोटाने आजीच्या कपाळावरचा चष्मा खाली तिच्या नाकावर आणून ठेवला आणि बाटली तिच्यासमोर धरली.

आजीने वाचलं. "नेहमीचीच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

आजोबांनी मान डोलावली. मग बाटली तिच्या हातात दिली.

तिने निब बुडवली, खटका उचलला, सोडला. पिशवी फुगली. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात काहीतरी गार, पातळ आणि रीतसर शिरलं. आजोबांनी मला 'तुझं' या शब्दाच्या पुढे टेकवलं. आजी मागे उभी होती. श्वास पुन्हा थांबलेला.

"म्हणणं बरोबर आहे," मी लिहिलं.

आजीने खुर्चीच्या पाठीला धरलं. मला वाटलं, संपलं आता. दोघांचंही आणि माझंही काम संपलं.

पण आजोबांनी मला उचललं नाही. ओळ पुढे सरकली. "कारण मात्र चुकीचं सांगतेस. प्रश्न कोपराचा नाही. दार आत उघडल्याने ओट्यावरचा उजेड अडतो."

"उजेड!" आजी म्हणाली. तिने खुर्ची ओढली. "चाळीस वर्षं सुजतंय माझं कोपर, आणि प्रश्न उजेडाचा? लिहा, लिहा पुढे, बघू किती लिहिताय ते!"

आतल्या खोलीत सुनेने दुपारच्या झोपेची उशी बाजूला ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "झाला वाटतं पेन दुरुस्त."

तर मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. जुन्या पेनात भलती शाई भरू नका. बाटलीवरचं वाचा, चष्मा असेल तर तो डोळ्यांवर असू द्या. पेन पडून राहणार असेल तर धुऊन ठेवा, आणि व्हिडिओ पाहायचाच तर पूर्ण पाहा. आणि ज्याच्याशी तुम्ही रोज भांडता, त्याची शाई संपत आली की बोलणं थांबवून आधी ती भरून द्या. माझी आत्ताच संपत आली आहे. आजी उठली आहे, बाटली आणायला.