पेवातल्या काळ्या बाटल्या

माझा बाप फिरंगी होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. त्याचं नाव यान, पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज. त्याला वलंदेज म्हटलेलं खपत नसे. वलंदेजांच्या शेजारी आपला मुलूख आहे आणि तो अगदी वेगळा आहे, असं तो तावातावाने सांगे. त्या मुलखाचं नाव मात्र आमच्यापैकी कुणाच्या जिभेवर कधी बसलं नाही. आई मैना, लोणी काळभोरच्या कुणब्याची. तिने यानला पत्करलं त्या दिवशी तिचं माहेर तुटलं. माझं नाव मुक्ता. पाद्र्याने दुसरंच काहीतरी ठेवलं होतं, ते पाद्र्यालाच ठाऊक.

आम्ही नाना पेठेच्या टोकाला, फिरंगी गोलंदाजांच्या वस्तीत राहत होतो. पुण्यात दारूला बंदी होती. फिरंग्यांना तेवढी सवलत मिळाली होती, की आपल्यापुरती करा आणि प्या, पण वस्तीबाहेर थेंब जाता कामा नये. पेठेतले लोक म्हणायचे, यानच्या घरी देवघर नाही पण तळघर आहे. तळघर कसलं, ते धान्याचं जुनं पेव होतं. तोंड अरुंद, पोट मोठं, दीड पुरुष खोल आणि वैशाखातही थंडगार. त्या थंडाव्यासाठीच बापाने ते घर घेतलं होतं.

मी जन्मले त्या हिवाळ्यात त्याने दारू केली. सातू भिजवला, मोड आणले, भाजला, भरडला, उकळला. त्यात कुटलेले धणे, नारिंगाची वाळवलेली साल, कडूपणाला काडेकिराईत आणि खडीसाखर. आंबल्यावर ती गोव्याहून आणलेल्या जाड काळ्या बाटल्यांत भरून बुचं ठोकली, बुचांवर लाख ओतली आणि बाटल्या पेवात उतरवल्या. ही दारू ताजी प्यायची नसते, असं त्याचं म्हणणं. वर्षं जाऊ द्यायची. मुक्ताच्या लग्नात उघडायची. रोज संध्याकाळी तो आईला तिची चव सांगत बसे. आधी नारिंग येईल, मग धणे, मग खडीसाखर तव्यावर करपल्यासारखी, आणि सगळ्यात शेवटी कडू, पण पुन्हा हवंसं वाटणारं कडू. आई म्हणायची, बाजारात तुरी.

एक घोटाळा मात्र झाला. मुलगी झाली या आनंदात बापाने शेवटच्या काही बाटल्यांत खडीसाखर मुठीने टाकली. जास्त साखर म्हणजे आत जास्त जोर. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांतली एक फुटली आणि त्याची करंगळी घेऊन गेली. ज्याचं नखही तोफेने नेलं नव्हतं, त्याचं बोट बाटलीने नेलं, म्हणून पेठ कितीतरी दिवस हसत होती. उरलेल्या तसल्या बाटल्यांच्या गळ्याला त्याने तांबडा दोरा बांधला आणि आईला बजावलं, की या हलवायच्या नाहीत आणि यांना ऊब लागू द्यायची नाही. फेकून का देत नाहीस, असं आईने विचारलं. भरलेली तोफ कुणी फेकतं का, म्हणाला.

खर्ड्याच्या लढाईत बाप गेला. फिरंग्याची सवलत फिरंग्याबरोबर संपली. कुणब्याच्या विधवेच्या घरात दारू सापडली तर कोतवालाने तिला फटके मारून शहराबाहेर काढलं असतं. आईने पेवाच्या तोंडावर फळी टाकली, फळीवर माती थापून सारवलं आणि वर जातं मांडलं. चवीची गोष्ट ती मला सांगायची, अगदी बापाच्याच शब्दांत. तिने स्वतः कधी थेंबही चाखला नव्हता. माझ्या लग्नाची वाट बघत होती.

मी चौदा वर्षांची झाले त्या साली, ऐन दिवाळीत, हडपसरच्या बाजूला तोफा वाजल्या. आईने अंगणात उभं राहून कान दिला आणि म्हणाली, आपले गोलंदाज थांबून थांबून मारतायत, म्हणजे हरले. तसंच झालं. शहर पडलं. जिंकलेल्या फौजेच्या मागून पेंढारी आले आणि घरं खणायला लागले. पलीकडच्या गल्लीत त्यांनी एका सोनाराचे दोन्ही हात तेलात घातले. त्याच्या सुनेला घोड्यावर टाकून नेलं. ती माझ्याच वयाची होती. आईने हे ऐकलं, जातं सरकवलं आणि मला पेवात उतरवलं. बाटल्यांच्या मागे बस, म्हणाली, आणि मी नाव घेऊन हाक मारेपर्यंत जिवंत आहेस हे विसरून जा.

ते भरदुपारी आले. चौघे होते. त्यांचा म्होरक्या सर्जेराव, हे नाव मला वरच्या हाकांवरून कळलं. आमच्या एकखणी घरात चूल आणि जातं शेजारीशेजारी, त्यामुळे माझ्या डोक्यावरच सगळं चाललं होतं. आधी मडकी फुटली. मग विचारणं सुरू झालं, फिरंग्याने पुरलेलं सोनं कुठाय? आई म्हणाली, सोनं असतं तर मी जातं ओढलं असतं का? मग त्यांनी तोबरा आणला. घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत चुलीतली धगधगती राख भरायची, ती माणसाच्या तोंडावर बांधायची आणि पाठीत गुद्दे घालायचे, म्हणजे श्वास ओढल्यावाचून इलाज नाही. आईचं खोकणं माणसाचं राहिलं नव्हतं. मी माझा दंड दातांत धरला, तो रक्त येईपर्यंत सोडला नाही. मी भेकड नव्हते, पण त्या वेळी मला वाटलं, तिने सांगून टाकावं आणि हे संपावं. तिने सांगितलं नाही. पुन्हा राख भरली, पुन्हा बांधली. ती बोललीच नाही.

मग त्यांनी आपली नेहमीची युक्ती काढली. घरातलं सगळं पाणी जमिनीवर ओतायचं. जिथे ते चटकन मुरेल तिथे खाली पोकळ. आमच्या दोन्ही घागरी त्यांनी रिकाम्या केल्या आणि जात्याभोवतीचं पाणी माझ्या डोक्यावर ठिबकायला लागलं. मग जातं घरंगळलं, फळी निघाली आणि उजेडाचा एक गोल खाली आला.

उडी कुणीच मारली नाही. पेंढाऱ्यांना पेवं चांगली ठाऊक असतात. बंद पेवात वाईट वाफ कोंडते, आणि त्यात उतरलेला माणूस वर येत नाही. त्यांच्यातलाच एक असा गेला होता, त्यावर ते वर हुज्जत घालत होते. शेवटी एका शिंक्यात दिवाळीची पणती ठेवून त्यांनी खाली सोडली. पणती जळत राहिली तर उतरायचं, विझली तर नाही. ती माझ्या तोंडासमोरून हळूहळू खाली येत होती. माझ्या पायाची बोटं उजेडात दिसायला लागली. मी पुढे वाकले आणि फुंकर मारली.

त्यांनी ती वर ओढून पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. मी पुन्हा विझवली.

"वाफ हाय," सर्जेराव म्हणाला. "म्हातारीला खाली सोडा. मेली तर मेली."

माझी आई तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. तिच्या कमरेला दोर बांधून त्यांनी तिला खाली सोडलं. अंधारात तिचा हात आधी माझ्या केसांवर आला, मग तोंडावर, आणि तिथेच दाबून राहिला. तिला राखेचा आणि भाजल्या कातडीचा वास येत होता. वरून ओरडले, काय हाय? आईने सांगितलं, सोनं न्हाई, नवऱ्याची दारू हाय, लई वर्षांची. तिचा आवाज जाड झाला होता, जीभ तोंडात मावत नसल्यासारखा.

वर आनंदीआनंद झाला. टोपली खाली आली. आईने बाटल्यांचे गळे चाचपले. पहिली निवडली ती दोऱ्याशिवायची. पुढच्या चार बाटल्यांच्या गळ्याला दोरा होता, हे मला तिच्या बोटांच्या थांबण्यावरून कळलं. त्या तिने एकेक करून लहान मुलासारख्या टोपलीत निजवल्या. शेवटची, दोरा नसलेली, माझ्या मांडीवर ठेवली. मग तिला वर ओढलं, आणि वर जाताच तिने फळी पुन्हा तोंडावर सरकवली. कुणाचा तरी पाय जाईल, म्हणाली. त्यांना ते पटलं.

पहिली बाटली तिनेच उघडली. सुरीने लाख खरवडली, गळ्याला ओला पदर गुंडाळला आणि बूच हळूहळू ढिलं केलं. आतून निघालेला लांब सुस्कारा मला खालीही ऐकू आला. सर्जेराव मूर्ख नव्हता. आधी तू पी, म्हणाला. विष असलं तर तुझ्या पोटात जाऊ दे.

आई प्यायली. मग बाटली जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मला वाटलं पडली.

"आधी नारिंग येतंय," ती म्हणाली. "मग धनं. मग खडीसाखर, तव्यावर करपल्यावानी. आन् शेवटाला कडू. पर असं कडू, की पुन्यांदा प्यावंसं वाटतंय."

ती रडत होती. मीही खाली रडत होते, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी, त्या राक्षसांच्या घोळक्यात का होईना, तिला बापाची चव मिळाली, याचा मला आनंद झाला होता.

तिचं रडणं बघून त्यांची खात्री पटली. बाटली त्यांनी हिसकावून घेतली, एका फेरीत संपवली आणि दुसऱ्या बाटलीसाठी भांडायला लागले. लाख निघेना. सुरी एकच होती. तेव्हा आईने अगदी सरळ, शेजारणीला फोडणी सांगावी तसं सांगितलं, की लाख निखाऱ्यावर धरली की लवकर सुटते. ज्या चुलीतली राख त्यांनी तिच्या तोंडाला बांधली होती, त्याच चुलीत तिघांनी तीन बाटल्यांचे गळे खुपसले. सर्जेराव फुंकर मारायला वाकला असणार, त्याच्या जखमा तसंच सांगत होत्या.

आवाज एकच झाला आणि मग लगोलग आणखी. माझ्या अंगावर माती पडली. त्यानंतर जे ओरडणं सुरू झालं ते मी कुणाला सांगत नाही. एकजण पळाला. एकजण डोळे डोळे करत भिंतींवर आदळत होता. मग मुसळाचा आवाज आला. आमचं मुसळ मी रोज ऐकत होते, पण उखळीत त्याचा असा आवाज होत नाही. तो थांबला, पुन्हा आला, आणि मग ओरडणं बंद झालं.

फळीच्या फटीतून काहीतरी माझ्या चेहऱ्यावर ठिबकलं. आधी पाणीच वाटलं. ओठांवरून जीभ फिरवली तर नारिंग लागलं. मग धणे. मग तो करपलेला गोडवा. आणि त्यात मिसळलेलं खारट, लोखंडाच्या चवीचं, कोमट. मी थुंकले नाही. आवाज होईल म्हणून गिळलं.

"मुक्ता," आईने हाक मारली. "वर ये."

वर दोघे मेलेले होते. सर्जेराव भिंतीला टेकून बसला होता, त्याच्या गळ्यात काचेचा हातभर लांब वाटावा असा तुकडा, आणि तो बोटांनी पाणी मागत होता. आईने घागरीत बघितलं. घागर रिकामी होती. दुसरीही रिकामी होती. सगळं पाणी त्यांनीच जमिनीवर ओतलं होतं. आईने घागर त्याच्यासमोर पालथी करून दाखवली, मग त्याला ओलांडून माझा हात धरला.

आम्ही लोणीला गेलो. तुटलेल्या माहेराने दार उघडलं. लुटीच्या दिवसांत कोण कुणाला बाटलेला म्हणणार? दोन वर्षांनी माझं लग्न झालं, दत्तोबा नावाच्या बारगिराशी, सरकारी घोड्यावरच्या स्वाराशी. त्याला माझा फिरंगी बाप चालला, कारण दत्तोबाला जाब विचारणारं मागे कुणी नव्हतं. लग्नाच्या दुपारी, वऱ्हाड जेवत असताना, आईने मला गोठ्यात नेलं आणि कडब्याखालून ती शेवटची बाटली काढली. पुण्याहून तिने ती कुशीत घेऊन आणली होती. तसाच ओला पदर गुंडाळून उघडली, वाटीत ओतली. रंग काकवीसारखा, वर भुरा फेस. तिने वाटी माझ्यापुढे धरली.

"कशी लागतीया?" तिने विचारलं.

मी म्हणाले, तुला माहीतच आहे की. त्या दिवशी तूच तर सांगितलंस.

आईने तोंड उघडून दाखवलं. त्या दोन वर्षांत ती जेवताना मीठ मागायची नाही, तिखटाने तिचे डोळे भरायचे नाहीत, हे मी बघत होते आणि तरीही मला काही उमगलं नव्हतं. तिची जीभ टोकापासून मागेपर्यंत पांढरी आणि सपाट होती, तव्यावर भाजलेल्या पापडासारखी.

"त्या दिशी काय लागनार," ती म्हणाली. "तोंडात इस्तू भरला हुता. तुझा बाप जसं बोलायचा तसं मी बोलले. आता तू सांग. त्यो खरं बोलत हुता का?"

मी वाटी तोंडाला लावली. नारिंग आलं, धणे आले, करपलेली खडीसाखर आली. मग कडू आलं, आणि त्या कडूच्या खाली, बाटलीत नसलेलं, ते कोमट खारट आलं. ते आता कायमचं माझ्या तोंडात राहणार, हे मला तिथेच कळलं.

"खरं बोलत होता," मी म्हणाले. "अगदी शब्दन् शब्द."

आईने मान डोलावली. वाटीत थोडी उरली होती. ती तिने माझ्या हातून घेतली आणि चवीचवीने, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.