हातभर पाणी

रामगोंडांनी गुडघ्यावर तब्येतीचा कागद धरून सातव्या प्रश्नासमोर ‘नाही’ची खूण केली आणि पेन शेजारी बसलेल्या बायकोला, गुणमालेला, न देता पलीकडच्या आप्पासोंच्या हातात दिलं. तिनं प्रश्न वाचला होता. कधी शुद्ध हरपली आहे का, फिट आली आहे का. समुद्रात बोट चांगलीच डुलत होती, तरी खूण चौकोनाच्या अगदी मधोमध पडली होती.

दहा महिन्यांत दोनदा. एकदा द्राक्षबागेत, एकदा न्हाणीत. दोन्ही वेळा ती एकटीच जवळ होती आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन आकडे मोजत बसली होती. पहिल्यांदा सत्तरपर्यंत, दुसऱ्यांदा दीडशेच्या पुढं. मिरजेच्या डॉक्टरांनी मोटारसायकल बंद केली आणि पाण्यात पोहायला उतरायचं नाही म्हणून बजावलं. परतताना एसटीत रामगोंडा एवढंच म्हणाले, "हे आपल्या दोघांत." मुलालासुद्धा पत्ता नव्हता.

हंगाम संपला की गावातले बागायतदार जोडीनं सहलीला जात. यंदा अंदमान, आणि समुद्राच्या तळाशी जायची टूम रामगोंडांचीच. महापुरात त्यांनी तीन म्हशी आणि शेजारची म्हातारी पोहून बाहेर काढली, तेव्हापासून गाव त्यांना पाणबुडा म्हणायचं. एकदा असं नाव पडलं की माणसाला ते जन्मभर सांभाळत बसावं लागतं. त्याच पुरात गुणमाला दोन दिवस माळ्यावर भिजत बसली होती, पाण्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटत होती तिला. त्या भीतीचाच राग येऊन बावन्नाव्या वर्षी तिनं सांगलीच्या तलावात बायकांच्या वर्गात नाव घातलं. तीन महिने पहाटेची एसटी चुकवली नाही. आज तिलाही उतरायचं होतं. मनापासून उतरायचं होतं.

"चला अण्णा, पहिला नंबर तुमचा," मल्हार म्हणाला. हा शिकवणारा मूळचा म्हसवडचा. लहानपणी टँकरमागं घागर घेऊन पळालेला पोरगा नेव्हीतून सुटल्यावर इथं लोकांना समुद्र दाखवत होता. "काकी, तुमी त्यांच्या पाठोपाठ."

रामगोंडा उठले. मल्हार त्यांच्या कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधू लागला. आणि गुणमालेला त्यांचा डावा हात दिसला. अंगठा तर्जनीवर घासत होता, एकसारखा. बागेत पडण्याआधी असाच घासत होता. न्हाणीच्या दारातही. की ही नुसती धाकधूक होती? तिला सांगता येईना. मल्हारला एक वाक्य सांगितलं असतं तरी भागलं असतं, पण समोर त्यांचे सगळे लंगोटीयार बसले होते.

"थांबा," ती म्हणाली. "आमाला उतरता यायचं न्हाई. आज चतुर्दशी. सकाळी दोघांनी मर्यादा घेतलीय. दिवस मावळूस्तवर बोटीच्या काठापास्नं हातभराच्या पलीकडं जायचं न्हाई."

"वैनी, इथवर येऊन मर्यादा?" आप्पासो हसले. "पाणबुड्याला दाव्यानं बांधलासा की!"

पण पुढं कोणी आग्रह केला नाही. आज गावाबाहेर जायचं नाही, आज उंबऱ्याबाहेर जायचं नाही, असले नियम त्यांच्या जैन घरांतून सगळ्यांनीच पाहिले होते. नियम म्हटला की का, कशाला, असं कोणी विचारत नाही.

रामगोंडा तिच्याकडे बघत राहिले. सकाळी त्यांनी कसलाही नियम घेतला नव्हता. सकाळी ते भांडले होते. अंगात एकशेतीन ताप असताना सूर्यास्तानंतर गोळी न घेणारी ही बाई चारचौघांत नियमाचं खोटं बोलली होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

ते फळीवर बसले. पट्टा सोडला.

"मल्हार, माझा कागद आण. सातव्यावर खोटं लिवलंय मी. दोनदा पडलोय. फिट."



"कवा रं?" आप्पासोंचा आवाज उतरला. "आमाला बी न्हाई सांगितलंस?"

"लाज वाटली गड्या." मग ते मल्हारकडे वळले. "नियम बी खोटा हाय. माझ्यापायी बोलली ती. हिला ने खाली. तीन म्हैनं पहाटं उठून शिकलीया."

मल्हारनं कागदाची घडी करून खिशात घातली. "बरं झालं बोललासा, अण्णा. चला काकी."

गुणमाला हलली नाही. पाणी हिरवंगार होतं, तिला रडू येत होतं.

"तोंडातनं गेलाय. आता खोटा कसा?" ती म्हणाली. "पाळायलाच लागंल."

"उद्या सकाळी परतीचं विमान हाय आपलं."

"ठावं हाय मला."

मग रामगोंडा उठले, शिडीजवळच्या ओल्या फळीवर पालथे झोपले आणि उजवा हात पाण्यावर लांब केला.

"काठापास्नं हातभर म्हणालीस न्हवं?"

"व्हय."

"मग हातभर तर चल. आन हातभर म्हंजे खांद्यापास्नं. मनगटापास्नं न्हवं."

आप्पासो त्यांच्या पायांवर बसले आणि दोन्ही घोटे घट्ट धरले.

मल्हारनं तिला चष्मा आणि श्वासाची नळी लावून दिली. गुणमाला शिडी उतरली, नवऱ्याचा हात धरला आणि तोंड पाण्यात घातलं. खाली हळदीचे गड्डे रचून ठेवावेत तसे पिवळे खडक होते आणि त्यांच्यातून निळ्या माशांचा थवा निवांत चालला होता. तिनं अंग सैल सोडलं.

वरून रामगोंडांना नुसता तिचा अंबाडा आणि नळीचं टोक दिसत होतं.

"मल्हार, श्वास चालू हाय न्हवं तिचा?"

"चालू हाय, अण्णा."

ते पुटपुटत मोजू लागले. सत्तरावर त्यांच्यानं राहवेना, त्यांनी हात ओढला. गुणमालेनं डोकं वर काढून तोंडातली नळी बाजूला केली.

"काय झालं?"

"काई न्हाई."

"मग वढताय कशाला?"

तिनं पुन्हा तोंड पाण्यात घातलं. रामगोंडांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.