अठराव्या मिनिटाची शांतता

पेल्यातल्या पाण्यावर तीन वर्तुळं होती. एकात एक, बारीक. ती पसरत नव्हती, विरतही नव्हती. एकाच जागी थरथरत होती.

तिने आधी फ्रीजकडे पाहिलं. तो थंड होऊन गप्प बसला होता. वॉशिंग मशीन केव्हाच थांबलं होतं. रविवारची दुपार, खाली रस्त्यावर एकही गाडी नव्हती. उरला टेबलावरचा स्पीकर. त्यावर तिचं आवडतं संगीत चालू होतं, पण या क्षणी तर त्यातही शांतता होती.

चाळीस मिनिटांची ती रचना. ना ताल, ना शब्द. एकच स्वर लांबच लांब ताणलेला, जणू एखादा ग्रह अंधारात स्वतःभोवती घुमतो आहे. अठराव्या मिनिटाला तो खाली खाली उतरायचा आणि मिटायचा. पुढची दोन मिनिटं काहीच नाही. त्या दोन मिनिटांसाठी ती गेले आठ महिने दर रविवारी डोळे मिटून बसायची. आज तहान लागली म्हणून पेला जवळ ठेवला होता आणि डोळे उघडे होते, एवढंच.

तिने संगीत बंद केलं. पाणी सपाट झालं. पुन्हा सुरू केलं. तीन वर्तुळं.

तिने स्पीकरवर तळवा ठेवला. आतून काहीतरी जोरात गुरगुरत होतं, आणि कानांना त्याचा पत्ता नव्हता.

"काय गं, आज फ्रीजचं गाणं दोनदा?" नवरा भांडी पुसत दारात आला. "साथीला मिक्सर लावू का?"

"आत्ता काय ऐकू येतंय तुला?"

"म्हणजे?"

"आत्ता. या क्षणी."

"अगं, तेच आपलं घूंऽऽ. इथे तर जास्तच. खिडकीची काच बघ की, कशी वाजतेय."

तिने काचेकडे पाहिलं. काच खरंच हलत होती, पण आवाजाशिवाय.

"मला वाटलं, इथे शांतता आहे," ती म्हणाली.

तो हसला आणि वळता वळता काहीतरी बोलला. "काय?" तिने विचारलं. "तू हल्ली फार पुटपुटतोस."

वाक्य तोंडातून गेलं आणि तिला ते ओळखू आलं. हे वाक्य तिचं नव्हतं, आईचं होतं. चाळिशी ओलांडल्यावर आईला सगळं जग पुटपुटताना दिसू लागलं होतं. आधी पुरुषांचे जाड आवाज गेले, मग हळूहळू उरलेले. घरात विनोद झाला की आई सगळ्यांच्या नंतर हसायची, दुसऱ्यांचे चेहरे बघून. त्या उशिराच्या हसण्याची तिला लहानपणापासून धास्ती होती.

आणि कान तपासणं हाच तर तिचा धंदा. दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत ती रोज दहा-बारा जणांना बसवायची. आवाज आला की बटण दाबा, घाबरू नका. आठ महिन्यांपूर्वी फोन डाव्या कानाला अस्पष्ट वाटला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःचीही तपासणी केली होती. एकटीनेच. एका हातात यंत्राची कळ, दुसऱ्या हातात बटण. निकाल लख्ख आला. तिने तो घडी करून खणात टाकला आणि मनातून विषय काढला.

पण आता तो प्रसंग तिला स्वच्छ दिसला. आवाज सोडला की यंत्रावरचा लहान हिरवा दिवा लागतो. ती दिवा बघत होती. दिवा लागला की बोट बटण दाबत होतं. पहिल्याच दिवशी शिकवतात, ज्याची तपासणी करायची त्याला यंत्र दिसता कामा नये. हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं?

कान गेला तर नोकरी कशी राहणार? इतरांचे कान तपासणाऱ्या बाईला आवाज आधी स्वतः ऐकावा लागतो. निदान झालं नव्हतं तोवर सगळं शाबूत होतं. म्हणूनच तर आठ महिने तिने पुन्हा तपासलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पोचली. खुर्ची यंत्राकडे पाठ करून ठेवली. परत सरळ केली. परत फिरवली.

सिस्टर वही घेऊन आत आल्या. "लवकर आलात? काय हो ताई, चेहरा असा का? भूत बघितलंत की साहेबांना बघितलंत?"

नेहमीसारखं हसू आलं नाही.

"बरं, पहिला नंबर कुणाचा घालू?"

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. बाहेर कोणीतरी पुरुष बोलत होता. ओठ हलताना दिसत होते.

"माझा," ती म्हणाली. "तपासणी तुम्ही करा सिस्टर. आणि मला पाठमोरी बसवा."